कारापूरच्या माळ्यावरचा साक्षीदार

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. कीर्तनाला उभा राहणारा एक असतो आणि ऐकणारे शेकडो; तथापि त्या शेकडो कानांवाचून कीर्तन होत नाही. विठ्ठलापूरच्या श्रीविठ्ठलाच्या सभामंडपात बसणाऱ्या वाचकांस हे नव्याने सांगायला नको. इतिहासाची रीत मात्र निराळी. तो बोलणाऱ्याचे नाव नोंदतो, ऐकणाऱ्याचे नोंदत नाही. गोव्याच्या मुक्तिसंग्रामातील नभोवाणीचा इतिहास या अंगाने अपुरा राहिला आहे, आणि ही उणीव मला एका मुक्या पडलेल्या रेडिओने दाखवून दिली.

बोलणाऱ्यांची हकीकत ठाऊक असलेली आहे. १९३० चा वसाहत कायदा आणि त्यानंतरची सालाझारशाही यांनी गोव्यात छापील शब्दाचा कोंडमारा केला होता. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. १९४६ साली डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. त्याच वर्षी पणजीत सरकारी नभोवाणी सुरू झाली. ती पुढे ‘एमिसोरा द गोवा’ या नावाने प्रसिद्ध पावली. म्हणजे आवाज होता, पण तो राज्यकर्त्यांचा होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला, सीमा बंद झाल्या, वर्तमानपत्रे येईनाशी झाली. भिंत कितीही उंच बांधली तरी तीवरून जाणारी एकच वस्तू उरली, ती म्हणजे बिनतारी लहर.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी ‘सोडवणेचो आवाज’ उमटला. अफोंसो द आल्बुकेर्कने १५१० साली गोवा घेतला तो हाच दिवस. दादरा व नगरहवेली १९५४ साली मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगीजांकडून हाती लागलेल्या बिनतारी संचांवरून हे प्रक्षेपक यंत्र सिद्ध करण्यात आले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी प्रथम आंबोलीच्या रानातून व पुढे कॅसलरॉकहून कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून हे केंद्र सहा वर्षे चालविले. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. दुसऱ्या दिवशी मुक्तीची वार्ता या दोघांनी विमानातून गोव्याच्या आकाशात पुकारली. लिबियाबाईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. बोलणाऱ्यांचे ऋण उशिरा का होईना, मान्य झाले.

आता ऐकणाऱ्यांकडे वळू. नकाशावर पट्टी ठेवून पाहिले, तर कारापुराहून आंबोली उत्तरेस सरळ रेषेत चाळीस-बेचाळीस किलोमीटरांवर पडते आणि कॅसलरॉक आग्नेयेस जवळपास तितक्याच अंतरावर. म्हणजे केंद्राने जागा बदलली तरी आपल्या गावापासूनचे अंतर फारसे बदलले नाही. आमची आजी सांगे की, तिन्हीसांजेनंतर दारे लावून, रेडिओवर गोधडी पांघरून, घरातील पुरुषमंडळी हा आवाज ऐकत. लहानपणी मी ती गोष्ट गोष्ट म्हणूनच ऐकली. पुढे वकिली करू लागल्यावर साक्षीपुराव्याची सवय जडली, आणि माळ्यावरची ती लाकडी पेटी खाली काढताना मनात आले की, हिचीच उलटतपासणी घ्यावी.

पहिला प्रश्न कालाचा. पेटीत डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ असे चार व्हॉल्व्ह निघाले, आणि आत चिकटविलेल्या कागदावरही हीच नावे होती. अर्थात ते मागाहून बदललेले नव्हते. ही मालिका १९५० च्या दशकाच्या मध्यास बाजारात आली. काळ जुळला. दुसरा प्रश्न विजेचा. मुक्तीपूर्वी गोव्यातील बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. हा संच तर सुक्या बॅटरीवर चालणारा. त्याच्या तंतूंना दीड व्होल्टचा घट लागतो, आणि आधीच्या ९१ मालिकेच्या निम्म्या प्रवाहावर ते तापतात. पट्टिकांना नव्वद व्होल्ट लागतात. तिसरा प्रश्न लहरींचा. तबकडीवर मध्यम आणि लघू अशा दोन्ही पट्ट्या आहेत. एकाही उत्तराने आजीचे म्हणणे खोटे ठरले नाही.

जुना संच हाती आला की तो लगेच चालू करून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. त्यातील मेणकागदाचे कपॅसिटर इतक्या वर्षांत ओल धरून गळके झालेले असतात. त्यांपैकी शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीशी जोडलेला कपॅसिटर गळका असेल, तर तो व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा अधिक प्रवाह ओढून निकामी होतो. म्हणून मी ते सर्व बदलून घेतले. जुन्यांची कवचे मात्र जपून ठेवली, कारण पुराव्यात फेरफार केला तर तो नोंदून ठेवावा. पट्टी बदलण्याच्या खटक्यावरचा हिरवा गंज स्पिरिटने पुसला. नव्वद व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही. नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की काम भागते. येथे एकच सावधगिरी प्राणाइतकी जपावी. नव्वद व्होल्टची तार चुकून तंतूंच्या टोकाला लागली, तर चारही व्हॉल्व्ह क्षणात जळतात. केसाहून बारीक असे ते तंतू पंचवीस सहस्रांश अँपियरवर चालतात.

मग एरियल. घराच्या आढ्यापासून परसातील माडापर्यंत सुमारे पंधरा मीटर पिळदार तांब्याची तार घेतली व दोन्ही टोकांस चिनी मातीचे इन्सुलेटर बांधले. माड वाऱ्याने डोलतो, ताठ तार पहिल्याच वावटळीत तुटते. म्हणून माडाकडचे टोक कप्पीवरून घेऊन त्याला दगड लोंबकळत सोडला. भूतारेसाठी तांब्याची सळई विहिरीजवळच्या ओल्या मातीत ठोकली, कारण आपला चिरा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि कोरडी जमीन वीज घेत नाही. पावसाळ्यात संच न वापरता एरियल भूतारेला जोडून ठेवावी, हेही विसरू नये.

ही तार ताणताना आजीच्या गोष्टीतील धोका मला प्रथमच कळला. गोधडीने आवाज झाकता येतो, परंतु माडावर टांगलेली तार रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाही शिपायाला दिसते. पेटीत एरियलच्या खुंटीला जुन्या तांब्याच्या जाळीचा तुकडा अद्याप गुंतलेला होता. घरात वाशांखालून बांधतात ती ही जाळी. ती बाहेरच्या तारेपेक्षा क्षीण आवाज देते, पण बाहेरून दिसत नाही. ज्यांनी ती निवडली त्यांनी भयाने निवडली की केवळ सोयीने, हे पेटी सांगत नाही.

रात्री दहाच्या सुमारास संच लावला. अर्धा मिनिटही गेला नाही. हे व्हॉल्व्ह लगेच तापतात. प्रथम घरघर, मग एका कानडी केंद्रावरील गायन खोलीत भरून राहिले. मी कोंकणी शब्दाची वाट पाहत होतो, हे मला त्या क्षणी उमगले. साठ वर्षांपूर्वी थांबलेला आवाज कोणत्याही एरियलवर येत नसतो.

मग निकाल काय द्यावा? ऐकणे शक्य होते, एवढेच पेटीने सिद्ध केले; ऐकले, हे सिद्ध झाले नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितले की, ऐकण्याजोगी घटना सिद्ध करावयाची तर ‘मी ती ऐकली’ असे सांगणाऱ्याचीच साक्ष हवी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. माझी साक्ष ही आजीकडून आलेली, म्हणून ऐकीव. आजी असती, तर तिची साक्ष चालली असती. ती हयात असताना मी एक ओळही टिपून घेतली नाही, हा दोष माझा.

मुक्तीच्या वेळी दहा-बारा वर्षांचे असलेले आपले वडीलधारे आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत जुनी घरे पाडली जात आहेत आणि माळ्यावरच्या पेट्या भंगारात निघत आहेत. पेटी एखाद्याला वाचविता आली नाही तरी चालेल. दुरुस्ती पुढेही होईल. परंतु ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले, त्यांच्याजवळ येत्या चैत्रीच्या उत्सवात घटकाभर बसावे, कोणत्या घरात, कोणाबरोबर, कोणत्या वेळी ऐकले ते विचारावे, आणि तारीख घालून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. कोंकणीत सांगितले तर कोंकणीतच लिहावे. त्या साक्षी आज घेतल्या नाहीत, तर उद्या आपल्या हाती उरेल ती केवळ चांगली चालणारी पेटी.