अमेरिकेवरच्या रागाची रायपुरी शाखा

रायपूरच्या विमानतळाला २०१२ साली स्वामी विवेकानंदांचं नाव दिलं गेलं. १८७७ मध्ये वकील वडिलांच्या कामापायी चौदा वर्षांचा नरेंद्र या गावात राहायला आला, दोनेक वर्षं राहिला, आणि पुढे १८९३ साली शिकागोतल्या भाषणांनी जगाला ठाऊक झाला. अमेरिकेने ज्याला डोक्यावर घेतलं त्याचं नाव गावाच्या वेशीवर आहे, आणि त्याच गावात चार वाचती माणसं जमली की अमेरिकेला नावं ठेवणं हे शहाणपणाचं लक्षण समजलं जातं. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांतही याला अपवाद नाही. मुलगा न्यू जर्सीत असला तर वडिलांचा आवाज जरा जास्तच चढतो.

या रागाचं मूळ घराणं युरोपातलं, आणि ते अमेरिका हा देश जन्माला येण्याच्याही आधीचं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने अठराव्या शतकाच्या मध्यावर असं मांडलं की नव्या खंडातली हवा थंड नि दमट, म्हणून तिथले प्राणी खुरटे; युरोपातून नेलेलं जनावरसुद्धा तिथे खंगतं. कॉर्नेलियस द पाउ याने १७६८ साली तोच नियम माणसांना लावला. दोघांपैकी एकानेही अटलांटिक ओलांडलेला नव्हता. टॉमस जेफर्सन तेव्हा पॅरिसमध्ये आपल्या देशाचे राजदूत होते. ते इतके चिडले, की १७८७ मध्ये त्यांनी न्यू हँपशरमधून मूस नावाच्या अजस्र हरणाचे अवशेष मागवून ब्युफाँकडे धाडले. ब्युफाँ पुढच्याच वर्षी वारला. त्याचा सिद्धान्त मात्र जगला. फक्त तो प्राण्यांवरून संस्कृतीवर सरकला.

पुढची दीडशे वर्षं युरोपातला लेखक अमेरिकेबद्दल लिहायला बसला की थोड्याफार फरकाने तेच लिहितो: पैसा आहे, यंत्रं आहेत, आत्मा नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज द्युआमेल याने १९३० साली शिकागोच्या कत्तलखान्यांचं वर्णन करून साऱ्या भविष्याचं भेसूर चित्र काढलं. जर्मनीत हायडेगरने १९३५ च्या व्याख्यानांत रशिया आणि अमेरिका तत्त्वतः एकच, असं सांगितलं. एक डावीकडे झुकलेला नव्हता, दुसरा तर नाझी पक्षाचा सभासद. म्हणजे अमेरिकाविरोध ही काही डाव्यांची खास मिरास नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर डावे त्यात सामील झाले, आणि मार्शल योजनेचे डॉलर येऊ लागले तसा तो आणखी बोचरा झाला. १९५० मध्ये फ्रेंच संसदेत कोका-कोलाला आळा घालण्याचा अधिकार सरकारला देणारं विधेयक आलं, ते डॉलर मिळत असतानाच. धाकट्या पातीने पैसा केला की थोरल्या वाड्यातली माणसं तिच्या पडद्यांच्या रंगावर बोलतात, त्यातलाच हा प्रकार. रागात सगळं खोटं होतं असं नाही. सार्त्रने १९६५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचं निमंत्रण नाकारलं ते व्हिएतनाममुळे, आणि व्हिएतनाम हे पडद्यांच्या रंगाचं प्रकरण नव्हतं.

आपल्याकडे सुरुवात अगदी उलट झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जनांना, काळ्यांची गुलामी मोडण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला म्हणून गेलेल्या पंडिता रमाबाई तिकडेच राहिल्या, हिंडल्या, आणि १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिलं. त्या काळच्या मराठी माणसासाठी अमेरिका म्हणजे इंग्रजांना हाकलून दाखवलेला देश. रमाबाईंचे डोळे उघडे होते. मूळ रहिवाशांशी आणि काळ्यांशी तिथे काय वागणूक होते हे त्यांनी लपवलं नाही. तरी त्यांच्या पुस्तकाचा एकूण सूर कौतुकाचा.

रायपूरच्या मराठी मंडळींनाही तेव्हा अमेरिकेशी भांडायला सवड नव्हती. माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला, पुढे नागपूरला ‘हिंदी केसरी’ चालवला, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. त्यांच्या सगळ्या लेखणीचं टोक लंडनकडे होतं.

ते टोक वळलं १९४७ नंतर, आणि इथल्या साहित्याच्या बाजूने वळवणाऱ्यांत गजानन माधव मुक्तिबोधांचं नाव घ्यावं लागेल. घरात मराठी, लेखन हिंदी. धाकटे भाऊ शरच्चंद्र नागपुरात मराठी कवी नि मार्क्सवादी समीक्षक, तर हे १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात. त्याआधी नागपूरच्या साप्ताहिकांतून त्यांनी आंतरराष्ट्रीय राजकारणावर आणि परदेशी भांडवलावर सडकून लिहिलं होतं. हिंदी नवकवितेत व्यक्तिस्वातंत्र्याचा जो उदोउदो चालला होता, त्यामागे शीतयुद्धाची सावली आहे असं त्यांचं म्हणणं होतं. अनेकांना तो कम्युनिस्टाचा भ्रम वाटला.

आता मुंबईकडे पाहू. १९५० मध्ये बर्लिनला सांस्कृतिक स्वातंत्र्यासाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. युरोपातल्या विचारवंतांचा अमेरिकेवरचा राग निवळावा हा तिच्या हेतूंपैकी एक. १९५१ च्या मार्चमध्ये तिची परिषद मुंबईला भरली. नेहरू सरकारला ती दिल्लीत नको होती. भारतीय शाखेत मिनू मसानी होते, जयप्रकाश नारायण होते. १९५५ पासून तिचं ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक निघू लागलं, संपादक निसीम इझिकेल. अंक उत्तम असत, हे आजही चाळताना कळतं. १९६६-६७ मध्ये अमेरिकेतल्याच वृत्तपत्रांनी उघड केलं, की या संघटनेला पैसा सीआयए पुरवत होती. लिहिणाऱ्या बहुतेकांना त्याची गंधवार्ता नव्हती. मुक्तिबोध हे ऐकायला नव्हते. १९६४ च्या सप्टेंबरमध्येच ते गेले.

पण कवितेवरून रायपूरचं मत बनलं असं म्हणणं म्हणजे कवींचा भाव फार वाढवणं होईल. ते बनलं पोलादावरून. भिलाई इथून तासाभराच्या अंतरावर. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, अडीच टक्के व्याजाने कर्ज मिळालं, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. दरम्यान बोकारोसाठी भारत अमेरिकेकडे गेला होता. केनेडी अनुकूल होते. पण सरकारी मालकीच्या कारखान्याला आमचा पैसा कशाला, असा सूर तिथल्या संसदेत लागला आणि १९६३ मध्ये नेहरूंनी मागणीच मागे घेतली. बोकारोही मग रशियाच्या मदतीने झालं. ज्या गावातल्या घराघरातून कोणी ना कोणी भिलाईत नोकरीला लागलं, तिथे या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायला मार्क्स वाचावा लागत नव्हता.

मग गहू. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली १९५६ पासून तो येत होता. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजं थोडीथोडी सोडायला सुरुवात केली, कारण भारताने शेतीधोरण बदलावं आणि व्हिएतनामवर तोंड आवरावं. रेशनची ती लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली त्यांच्या जिभेवरून तिची चव गेली नाही. गाजरगवतही या गव्हाबरोबरच आलं, असं आपल्याकडे सगळे सांगतात. पुण्यातली त्याची नोंद १९५६ सालीच प्रसिद्ध झाली, आणि त्याही आधीचे भारतातले नमुने जुन्या वनस्पतिसंग्रहांत आढळले आहेत. खटला इतका पक्का नाही, पण तो कोणी मागे घेणार नाही.

रायपूरची खरी स्वतःची फिर्याद भाताची. डॉ. राधेलाल रिछारिया हे कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक. फिलिपिन्समध्ये १९६० साली फोर्ड आणि रॉकफेलर प्रतिष्ठानांच्या पैशावर आंतरराष्ट्रीय तांदूळ संस्था उभी राहिली, आणि तिचं बुटक्या वाणांचं बियाणं मोठ्या प्रमाणावर आणण्याचा रेटा सुरू झाला. या वाणांबरोबर रोग येतील, आपल्या देशी वाणांतही भरघोस पिकणारे आहेत, असं रिछारियांचं म्हणणं होतं. १९६७ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. पुढे ते रायपूरला आले आणि मध्य प्रदेशच्या तांदूळ संशोधन संस्थेतून त्यांनी छत्तीसगढच्या खेड्याखेड्यांतून भाताची वाणं गोळा केली. एकेका गावात वेगळ्या जमिनीला वेगळं भात, सणाला वेगळं. ती संख्या एकोणीस हजारांच्या घरात गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती संस्था बंद झाली.

ही हकिगत देशभर पोचवली गोव्याच्या क्लॉड अल्वारिस यांनी, १९८६ साली ‘इलस्ट्रेटेड वीकली’त. जागतिक बँकेच्या मदतीसाठी रिछारियांच्या संस्थेचा बळी दिला गेला, अशी त्यांची मांडणी. लेखाने रायपूरच्या सुशिक्षितांना एक नायक दिला आणि एक खलनायक. मला यातला नायक पूर्ण मान्य आहे. खलनायकाबद्दल मात्र थोडं थांबावंसं वाटतं. रिछारियांना पदावरून काढणारे दिल्लीचे होते, त्यांच्या संस्थेला कुलूप लावणारे भोपाळचे. या सह्या आपल्याच माणसांच्या, आणि अमेरिकेचं नाव एकदा घेतलं की त्या पुसट होत जातात. शिवाय फिलिपिन्सच्या संस्थेच्या आयआर-८ या बुटक्या वाणाने पोती भरली हेही खरं, आणि नव्या वाणांवर रोग पडले हेही खरं.

१९८४ ला भोपाळ झालं. युनियन कार्बाइडचे वॉरन अँडरसन यांना अटक झाली नि लगेच सोडून सरकारी विमानाने पाठवणी झाली. रायपूर तेव्हा त्याच राज्यात होतं. यावर अधिक लिहायची गरज नाही. इथे फ्रेंच पुस्तकाची उसनवारी कोणाला करावी लागली नाही.

उसनवारी झाली ती तुच्छतेची. ‘त्यांना संस्कृती नाही’ हे वाक्य आपल्या बैठकीत येतं ते द्युआमेलच्या घराण्यातून, इंग्रजी पुस्तकांमार्गे. ज्याच्या आजोबांना पॅरिस नकाशावर दाखवता आलं नसतं, तो पॅरिसच्या वतीने नाक मुरडतो. भिलाईचा, भाताचा, भोपाळचा संशय मात्र आपला, कागदपत्रांसकट. दोन्ही एका सुरात बोलले जातात, तेव्हा कागदांचं वजनही नाक मुरडण्याइतकंच होतं.

हळदीचं प्रकरण घ्या. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे दिलं गेलं. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ पुढे ठेवून आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. रद्द करणारं कार्यालय अमेरिकेचंच. ही गोष्ट सांगताना बहुतेक वक्ते शेवटचं वाक्य गाळतात.

किंवा २००२. रिछारियांचा भातसंग्रह तोवर रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला होता. त्याच्या वापराबाबत विद्यापीठाने सिंजेंटाशी करार केल्याची बातमी त्या वर्षाअखेरीस फुटली, शेतकरी संघटना, कार्यकर्ते, पत्रकार उभे राहिले, आणि डिसेंबरमध्ये कंपनीने अंग काढून घेतलं. रायपूरच्या सार्वजनिक जीवनातला हा मोठा विजय. सिंजेंटा ही बाझलची, स्वित्झर्लंडची कंपनी. गावातल्या गप्पांत तिचं केव्हाच अमेरिकीकरण होऊन गेलं आहे. युरोपीय घराण्याचा राग आपण इतका मनापासून घेतला, की युरोपीय कंपनीवरही तो अमेरिकेच्या नावाने काढला.

त्याच कृषी विद्यापीठात विनोदकुमार शुक्ल अनेक वर्षं शिकवत होते. राजनांदगावचे, तरुणपणी मुक्तिबोधांनी ज्यांच्या कवितांना हात दिला ते. २०२३ साली पेन अमेरिका या संस्थेने त्यांना नाबोकोव्ह पुरस्कार दिला. रायपूरला आनंद झाला, सत्कार झाले, आणि तो योग्यच होता. १९६७ मध्ये हाच पुरस्कार आला असता तर पैसे कुणाचे, हा प्रश्न पहिल्या दिवशी निघाला असता. २०२३ मध्ये तो माझ्या कानावर तरी आला नाही. मुक्तिबोध असते तर त्यांनी शुक्लजींचं अभिनंदन केलं असतं आणि तो प्रश्नही विचारला असता.