पुरुष-जननेंद्रियांची बोली नावे

शिश्न व वृषण या अवयवांचा उल्लेख करताना शास्त्रीय संज्ञा टाळून वापरले जाणारे शब्द. त्यांचे ढोबळमानाने तीन स्तर आढळतात : लहान मुलांशी बोलतानाचे लाडिक शब्द, चारचौघांत चालणारे आडवळणाचे शब्द आणि शिव्यांत येणारे ग्राम्य शब्द.

रूपकांचे प्रकार : एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या भाषांतही ठरावीक रूपके पुन:पुन्हा दिसतात. लॅटिन ‘पेनिस’, जर्मन ‘श्वान्ट्स’ आणि फ्रेंच ‘क्यू’ या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ शेपूट. इटालियन ‘उच्चेल्लो’ म्हणजे पक्षी. वृषणांसाठी स्पॅनिशमध्ये ‘वेव्होस’ व रशियनमध्ये ‘याइत्सा’ म्हणतात. दोहोंचा अर्थ अंडी. संस्कृत ‘अंड’ व मराठी ‘आंड’ त्याच वळणाचे आहेत. मौल्यवान वस्तूंच्या रूपकांत इंग्रजी व फ्रेंचमधील ‘घराण्याचे जडजवाहीर’ आणि जपानी ‘किन्तामा’ म्हणजे सोन्याचे गोळे, हे शब्द येतात. काही भाषा अवयवाला माणसाचे नाव किंवा नाते देतात : इंग्रजीत ‘विली’ व ‘जॉन थॉमस’, जपानीत ‘मुसुको’ (मुलगा), चिनीत ‘धाकटा भाऊ’. उलट दिशेचा प्रवासही घडतो. जमिनीतील जोडकंदांच्या आकारामुळे ‘ऑर्किड’ला वृषणवाचक ग्रीक शब्दावरून नाव मिळाले.

अर्थबदल : सौम्य शब्द फार काळ सौम्य राहत नाही. पूर्वी नुसत्या शेपटीला ‘पेनिस’ म्हणत, आता तो शब्द अश्लील झाला आहे, असे रोमन वक्ता सिसेरो याने पीटस या मित्राला लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. पुढे हाच शब्द वैद्यकाची प्रतिष्ठित संज्ञा झाला. चिनी भाषेत पक्षीवाचक शब्दाचा उच्चार शिश्नवाचक ग्राम्य शब्दासारखा होऊ लागल्याने तो बदलून ‘न्याओ’ झाला, असे भाषाभ्यासक मानतात. अमेरिकेत कोंबड्यासाठी ‘कॉक’ मागे पडून ‘रूस्टर’ रूढ झाला, त्यामागेही हाच संकोच होता. संस्कृत ‘लिंग’ म्हणजे मुळात खूण. अकराव्या शतकातील काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञ मम्मट याने काव्यप्रकाशात लज्जाजनक अश्लीलतेचे उदाहरण म्हणून ‘साधन’ हा शब्द घेतला आहे. त्याचा एक अर्थ सैन्य, दुसरा शिश्न.

मराठीतील शब्द : अमरकोश या संस्कृत शब्दकोशात शिश्न, मेढ्र, मेहन तसेच मुष्क, अंडकोश, वृषण हे शब्द शरीराच्या इतर अवयवांच्या नावांबरोबरच दिले आहेत. बोलीत मुलांसाठी ‘नुन्नी’, ‘बुल्ली’, ‘शूची जागा’ आणि वृषणांसाठी ‘गोट्या’ असे शब्द चालतात. मोठ्यांच्या बोलण्यात ‘इंद्रिय’, ‘गुप्तांग’, ‘लघवीची जागा’ येतात. ‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ या म्हणीत हा संकोच नेमका टिपला आहे. शेतीच्या व्यवहारात मात्र तो नाही : वृषण न ठेचलेला बैल ‘अंडील’, ठेचलेला ‘खच्ची’. त्यावरूनच आलेला ‘खच्चीकरण’ हा शब्द आज अग्रलेखांतही सहज वापरला जातो.

आरोग्य व संरक्षण : वृषणाला पीळ पडल्यास रक्तपुरवठा थांबतो आणि साधारण सहा तासांत उपचार झाले तरच तो वाचण्याची शक्यता चांगली असते. लाजेपोटी ‘पोटात दुखते’ एवढेच सांगणारा मुलगा हा वेळ गमावतो. लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवतानाही मुलाला अवयवाचे नाव स्पष्ट सांगता येणे मोलाचे ठरते. म्हणूनच बालरोगतज्ज्ञ लहानपणापासून योग्य नावे शिकवण्याचा सल्ला देतात. घरात लाडाचे शब्द खुशाल राहावेत. त्यांच्या जोडीला ‘शिश्न’ आणि ‘वृषण’ हे शब्दही प्रत्येक मुलाला न लाजता शिकवले पाहिजेत.