सुरतेच्या लेखणीमागच्या सख्या

मराठी माणसाला सुरत आठवते ती दोन प्रसंगांनी. १६६४ साली शिवाजी महाराजांनी लुटलेली मोगलांची श्रीमंत पेठ हा एक, आणि १९०७ च्या डिसेंबरात टिळक व्यासपीठावर उभे असताना जोडा भिरकावला गेला नि काँग्रेस फुटली, तो दुसरा. त्याच १९०७ साली, त्याच शहरात, बाजीगौरी मुन्शी आणि शिवगौरी गज्जर या दोन तरुण विधवांनी ‘वनिता विश्राम’ ही स्त्रियांसाठीची संस्था सुरू केली, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. जहाल आणि मवाळ एकमेकांपासून तुटत होते, त्या वर्षी दोन बायका एकमेकींच्या भरवशावर काहीतरी उभारत होत्या. सुरतेशी नाते असलेल्या स्त्रियांच्या लेखनाचा माग काढू लागलो की तो पुन्हा पुन्हा अशाच भरवशापाशी पोचतो. लिहिणाऱ्या बाईला प्रतिभा, शिक्षण, सवड हे सगळे लागतेच. पण त्याआधी तिला तिचे म्हणणे खरे मानणारी दुसरी बाई लागते, असे माझे मत आहे.

पुरुषांना असा आधार फार पूर्वीच मिळाला होता. सुरतेत दुर्गाराम मेहताजींची सुधारकी मानवधर्म सभा १८४४ सालची. सुधारक कवी नर्मद सुरतेचा, आणि १८६६ साली ‘करण घेलो’ लिहून गुजराती कादंबरीची सुरुवात करणारे नंदशंकर मेहताही सुरतेचेच. सभा, छापखाना, वर्तमानपत्र, वादविवाद यांतून लेखकाला श्रोता मिळे, टीकाकार मिळे, वेळप्रसंगी पाठराखणही मिळे. नर्मदने विधवांची बाजू हिरिरीने मांडली, ही त्याची थोरवी कुणी नाकारू नये. पण त्या चर्चेत विधवा हा विषय होता. बोलणारी व्यक्ती म्हणून तिला तिथे जागा नव्हती. बायकांच्या बैठकी वेगळ्या, नवरात्रातल्या गरब्याच्या. एकीने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी झील धरायची, ही रचनेचीच रीत होती. रीतीने जखडलेल्या विधवेला असे सणासुदीचे, मंगल प्रसंगांचे दरवाजेही बंद असत. वनिता विश्रामने अशा बाईला अक्षर दिले, तसेच तिला बायकांची संगतही परत दिली. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमाशी या कामाचे नाते उघड आहे. फरक इतकाच, आणि तो मला फार मोलाचा वाटतो, की सुरतेत पुढाकार खुद्द विधवांचा होता.

नंदशंकरांची नात हंसा मेहता ३ जुलै १८९७ ला सुरतेत जन्मली. तिच्याविषयी लिहिताना ‘करण घेलो’कारांची नात आणि बडोद्याचे दिवाण मनुभाईंची मुलगी एवढे सांगून लेखणीचा वारसा तिथेच संपवण्याची पद्धत आहे. पण तिच्या आयुष्याला वळण लागले ते लंडनमध्ये, सरोजिनी नायडूंच्या सहवासात. सरोजिनींनी तिला स्त्रियांच्या चळवळीत आणले, राजकुमारी अमृत कौर यांची ओळख करून दिली, आणि १९२० साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेला सोबत नेले. १९२४ साली डॉ. जीवराज मेहतांशी तिने ज्ञातीबाहेर लग्न केले तेव्हा तिच्या नागर ब्राह्मण समाजात विरोध उसळला. ज्ञाती दुरावली तरी मैत्रिणींचे हे गणगोत तिच्यापाशी राहिले. १९२७ च्या जानेवारीत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंच्या अध्यक्षतेखाली, अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक भरली होती. त्याच परिषदेच्या अध्यक्ष म्हणून हंसाबेननी १९४५-४६ मध्ये स्त्रियांच्या हक्कांची सनद मांडली. सनदेच्या कामात अमृत कौर आणि लक्ष्मी मेनन त्यांच्यासोबत होत्या. पुढे घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीत हंसाबेन आणि अमृत कौर शेजारी होत्या. धर्माचरणाच्या स्वातंत्र्याआड बायकांवर अन्याय करणाऱ्या प्रथा लपतील, असा इशारा दोघींनी मिळून दिला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्यात सगळे पुरुष जन्मतः समान असे न म्हणता सगळी माणसे असे म्हणावे, हा हंसाबेनचा आग्रह १९४८ साली मान्य झाला. तो एका रात्रीत सुचलेला नव्हता. वीस-पंचवीस वर्षे असे मसुदे बायकांच्या बैठकीत वाचले जात, खोडले जात, पुन्हा लिहिले जात होते.

यावर कोणी म्हणेल, सनद आणि मसुदे म्हणजे काही साहित्य नव्हे. हंसाबेननी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ गुजरातीत आणले. ते काम तर एकटीने टेबलापाशी बसूनच झाले असणार. असेल. लिहिण्याची घटका एकटीचीच असते. पण ती घटका हक्काची वाटावी लागते, आणि तो हक्क घरातली माणसे सहजी देत नाहीत. गुजरातच्या पहिल्या पदवीधर स्त्रिया, विद्यागौरी नीलकंठ आणि शारदा मेहता या अहमदाबादच्या बहिणी, रमेशचंद्र दत्तांच्या कादंबरीचे भाषांतर मिळून करतात आणि ‘सुधाहासिनी’ नावाने १९०७ मध्येच ते प्रसिद्ध होते, तेव्हा बहिणीचे नाते टेबलापाशीच बसलेले दिसते. आपल्याकडचा दाखला आणखी बोलका आहे. आनंदीबाई जोशी आणि अमेरिकेतल्या थिओडोसिया कार्पेंटर यांची मैत्री १८८० पासून तीन वर्षे निव्वळ टपालावर पोसली गेली. आनंदीबाई १८८७ साली गेल्या, आणि मागे राहिलेल्या पत्रांच्या आधाराने काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली त्यांचे चरित्र लिहिले. दोन बायकांच्या मैत्रीतून तिसरीला लेखनाचा विषय मिळाला आणि मराठीला एका स्त्रीने लिहिलेले स्त्रीचे चरित्र मिळाले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हंसाबेनपाशी दिवाण वडील होते, सयाजीरावांचा आश्रय होता, सुधारक नवरा होता; मग श्रेय मैत्रीला का? पुरुषांची मदत खरीच होती आणि तिच्यावाचून दारे उघडली नसती. मात्र दार उघडून देणे वेगळे आणि आतल्या बोलण्यात बरोबरीने भाग घेणे वेगळे. शिवाय हे मैत्र उच्चवर्णीय, शिकलेल्या घरांपुरते होते, हेही मान्य करायला हवे. ही चौकट पुढे काहीशी सैल झाली. १९४७ साली सुरतेतच जन्मलेल्या, तिथल्या एम. टी. बी. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या हिमांशी शेलत यांनी ‘अंधारी गलीमां सफेद टपकां’ या कथासंग्रहातून दुर्लक्षित जगण्याकडे पाहिले, आणि त्या संग्रहाला १९९६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनीच ‘अंतरछबी’ संपादित केले आणि इतर लेखिकांना स्वतःविषयी बोलते केले. आपली लेखणी बाजूला ठेवून दुसरीचे ऐकून घेणे हे मला सख्यत्वच वाटते.

चौकटीबाहेरची सुरत मात्र आपल्याच भाषेच्या कुळातली आहे. कापडाच्या धंद्यामागे खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे लिंबायत, उधना भागात राहतात. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे खानदेशची देवी कानबाई बसते, आणि बायका जमून अहिराणी गाणी म्हणतात. एकीने उचलायचे, दुसरीने पुढे न्यायचे. यंत्रमागाच्या खोलीशेजारी नव्याने ओळख झालेल्या शेजारणीही त्यात आपली भर घालतात. या रचनेला कुणा एकीचे नाव लागत नाही, म्हणून तिला लेखन न मानणे मला पटत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा गाणारणीचे नाव आणि गावही सोबत नोंदवले. लिंबायतमधल्या कानबाईच्या गाण्यांची नोंद तशीच व्हावी: कुणी गायले, झील कुणी धरली, आणि त्या दोघी एकमेकींना कधीपासून ओळखतात.