सरासरी म्हणजे सरसरी नव्हे

उर्दू माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवताना आम्हाला एक शब्द नेहमी समजावून सांगावा लागतो. मराठीत ज्याला आपण 'सरासरी' म्हणतो त्याला उर्दूत 'औसत' म्हणतात. उर्दूतला 'सरसरी' मात्र वरवरचा, घाईघाईचा. त्यामुळे मराठीच्या पुस्तकात 'सरासरी' वाचले की मुलांना वाटते, हा अंदाजपंचे काढलेला आकडा असावा. खरे तर सरासरीइतकी सबुरी मागणारी दुसरी गोष्ट विज्ञानात क्वचितच असेल.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत एकाच बॅटरीला दोन मीटर लावून पाहा. आकड्यांत थोडा फरक दिसला तर गिऱ्हाईक लगेच विचारते, यातला खरा कोणता? शास्त्रज्ञाचा प्रश्न वेगळा असतो. प्रत्येक मोजमापात थोडी चूक राहणारच. मग ती कमी कशी करायची? पुन्हा पुन्हा मोजले की काही आकडे जास्त येतात, काही कमी. सरासरी काढताना या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. चौपट मोजमापे घेतली तर अशी चूक साधारण निम्मी होते.

हे काम आपल्या देशात केवढ्या प्रमाणावर झाले, याची साक्ष विदर्भात आहे. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्ब्टन यांची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा पोलादी साखळीने मोजून त्यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. केवळ या रेषेला ५७ दिवस लागले. उन्हाने साखळी लांबते म्हणून तिच्याशेजारी तापमापक ठेवावे लागत. हे काम पुढे नेत नेत लॅम्ब्टन उत्तरेकडे सरकले आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले.

त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट आले. थिओडोलाइट या कोन मोजणाऱ्या यंत्राच्या वर्तुळावर बारीक रेघा आखलेल्या असतात. रेघांची आखणी कुठेतरी चुकलेली असणार, हे गृहीत धरून तोच कोन वर्तुळाचा निरनिराळा भाग वापरून पुन्हा पुन्हा वाचला जाई आणि त्यांची सरासरी घेतली जाई. ही यंत्रे दुरुस्त ठेवणारा माणूस आपल्या वाचकांना माहीत असायला हवा. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन मद्रासमध्ये जवाहिऱ्याच्या दुकानात काम करीत. तिथून ते सर्वेक्षण खात्यात आले, आणि हेन्री बॅरो हे इंग्रज कारागीर गेल्यावर यंत्रांची जबाबदारी त्यांच्यावर आली. १८४३ मध्ये खात्याचे यंत्रनिर्माते म्हणून त्यांची नेमणूक झाली. एव्हरेस्ट यांनी त्यांच्या हुनराची मनापासून तारीफ केली आहे.

या खात्याचे सर्वांत गाजलेले मोजमाप हिमालयातले. १८४९-५० मध्ये बिहारच्या मैदानातील सहा ठाण्यांवरून, शंभराहून अधिक मैलांच्या अंतरावरून, एका शिखराकडे दुर्बीण लावली गेली. राधानाथ सिकदर यांच्यासारख्या गणितींनी आकडेमोड केली. सहा उत्तरे आली ती अशी: २८,९९१.६; २९,००५.३, २९,००१.८, २८,९९८.६, २९,०२६.१ आणि २८,९९०.४ फूट. सरासरी २९,००२ फूट. १८५६ मध्ये ती जाहीर झाली आणि शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. सरासरी बरोबर २९,००० आली होती, ती खोटी वाटू नये म्हणून दोन फूट वाढवले, अशी एक कथा सांगतात. वाचकांनी स्वतः बेरीज करून सहाने भागावे. कथेचा निकाल लागेल.

आता पुढचे ऐका. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. जुनी सरासरी तीस फुटांनी कमी भरली. कारण दूरच्या शिखराकडून येणारा प्रकाश हवेत वाकतो. त्यासाठी करायच्या दुरुस्तीत कसर राहिली, तर ती सहाही ठाण्यांना कमीअधिक एकाच दिशेने झुकवते. सगळे एकाच बाजूला झुकले की सरासरीही झुकते. अशी चूक हजार वेळा मोजूनही जात नाही. ती शोधायला पद्धतच तपासावी लागते. आणि गंमत अशी की सर्वांत वेगळा पडलेला २९,०२६ हाच आकडा आजच्या उंचीच्या सर्वांत जवळ निघाला. तो योगायोग असेल. पण त्या लोकांनी तो खोडला नाही, म्हणून आज आपल्याला दिसतो.

आमची तळमळ इथेच आहे. प्रयोगाच्या वहीत लंबकाचे आकडे पुस्तकाशी जुळत नाहीत म्हणून मुले खोडरबर घेतात, शेजाऱ्याचे उतरवतात. पाच आकडे हुबेहूब सारखे आले की पालक खूश, शिक्षकही खूश. ही तालीम नव्हे. आपल्या समाजात जुन्या शास्त्रज्ञांची नावे अभिमानाने घेतली जातात. घ्यावीतच, मीर मोहसीन हुसेन यांचेही घ्यावे. पण ज्या कामासाठी ही यंत्रे होती ते काम म्हणजे पुन्हा मोजणे, जसे आले तसे लिहिणे आणि न जुळणारा आकडा न लपवणे. ते आपल्या मुलांच्या हातून रोज व्हायला हवे. त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एक दोरा, एक दगड, एक घड्याळ आणि खरे लिहिण्याची मुभा एवढे पुरते.