अठ्ठेचाळीस तासांचा खेळ



चंद्रपूर जिल्ह्यांतील गडचांदूर हें सिमेंटचें गांव. सिमेंटचें पुरतें बळ पाहावयाचें तर त्याचा नमुना २८ दिवस ठेवून मग दाबून बघतात; कोणाला कितीही घाई असो, तो आपल्या वेळेनेंच घट्ट होतो. पडद्यावरचा व्हिडिओ गेम ही वस्तु दगडचुन्याची नव्हे. ती नुसत्या आज्ञावलीची. तेव्हां वाटेल तितक्या घाईनें ती घडवितां येईल, असें कोणासही वाटावें. १९८२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीला तसें वाटलें.

त्या वर्षीं स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ हा चित्रपट अतिशय गाजला. त्यावरून खेळ काढण्याचा हक्क अटारीनें मिळविला खरा, पण वाटाघाटी जुलै संपेपर्यंत लांबल्या, आणि नाताळच्या बाजारांत माल यावयाचा तर १ सप्टेंबरला आज्ञावली तयार हवी होती. काम हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुणाकडे आलें. हाताशीं अवघे पांच आठवडे. एरवी अशा खेळाला पांच-सहा महिने सहज लागत. ज्या यंत्रावर तो चालावयाचा, त्याची कार्यस्मृति १२८ बाइटांची होती. हा माझा परिच्छेदसुद्धां तींत मावणार नाहीं!

वॉरशॉ नवशिका नव्हता. ‘यार्स रिव्हेंज’ हा त्याचा खेळ लोकांच्या पसंतीस उतरला होता. ‘पॅक-मॅन’ सारखें कांहीं तरी साधें करावें, असें स्पीलबर्ग यांनीं सुचविलें. वॉरशॉला तें अनुकरण वाटलें. त्यानें नव्या धाटणीचा खेळ योजिला, अहोरात्र खपून मुदत पाळली, पण करून पाहण्याला व दुरुस्त करण्याला दिवस उरले नाहींत. नायक वारंवार खड्ड्यांत पडे, आणि त्याला वर काढतां काढतां मुलें कंटाळून जात. सुमारें ४० लाख प्रती काढल्या होत्या. बऱ्याचशा पडून राहिल्या. सप्टेंबर १९८३ मध्यें न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथें कंपनीनें आपला न खपलेला माल जमिनींत पुरला. २०१४ सालीं तेथें खणलें, तेव्हां त्यांत ‘ई. टी.’ च्या प्रती खरोखरच सांपडल्या. याचा सगळा दोष वॉरशॉच्या माथीं मारण्याची जी रीत पडली, ती मला अन्यायाची वाटते. मुदत त्यानें पत्करली, पण ठरविली दुसऱ्यांनीं. आणि एवढ्या प्रती काढा, असें कांहीं त्यानें सांगितलें नव्हतें.

चमत्कार असा कीं, वीस वर्षांनीं लोक हीच घाई हौसेनें अंगावर घेऊं लागले. मार्च २००२ मध्यें कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें कांहीं मंडळी चार दिवस एकत्र बसून खेळ रचूं लागलीं. पुढच्याच महिन्यांत जेफ हाउलंड यांनीं ‘लूडम डेअर’ ही स्पर्धा सुरू केली. पहिल्या खेपेस मुदत २४ तासांची होती. पुढें ती ४८ तासांची झाली. विषय ऐन वेळीं जाहीर व्हावयाचा, आणि आज्ञावली, चित्रें, ध्वनि सारें त्या मुदतींत एकट्यानें करावयाचें. २००९ सालीं ‘ग्लोबल गेम जॅम’ निघाला आणि ही हौस अनेक देशांत पसरली.

आपल्या जुन्या समस्यापूर्तीची येथें आठवण होते. सभेंत शेवटचा चरण दिला जाई, आणि कवीनें तेथल्या तेथें बाकीचे चरण जुळवावयाचे. कलगी-तुऱ्याच्या फडांतही सवालाला जबाब उभ्या उभ्या द्यावा लागे. पण समस्या मिळालेला कवि महाकाव्य लिहावयास बसत नसे. ४८ तासांत खेळ करणाऱ्यालाही पहिल्या रात्रीं सुचलेल्यांपैकीं बहुतेक गोष्टी दुसऱ्या दिवशीं टाकाव्या लागतात. एक चाल, एक नियम, एखादा डाव एवढेंच शिल्लक राहतें. तें टाकण्याची मोकळीक त्याला असते, कारण त्याच्या मागें नाताळचा बाजार नसतो. फसलें तर दोन दिवस गेले, इतकेंच.

डिसेंबर २०१८ च्या ‘लूडम डेअर’ ला विषय बलिदानाचा होता. डॅनियल मुलिन्स यांनीं त्यावर पत्त्यांचा एक छोटा खेळ केला : एक पत्ता मांडावयाचा तर दुसरा बळी द्यावयाचा. त्यांतूनच पुढें ‘इन्स्क्रिप्शन’ हा मोठा खेळ तयार झाला आणि फार नांवाजला गेला. तो बाजारांत यावयास मात्र २०२१ चा ऑक्टोबर उजाडला.