मालकी, निष्ठा आणि निषेध : पुणे जिल्ह्यातील फुटबॉल क्लब आणि बारामती-इंदापूरचा सहकारी अनुभव

प्रस्तावना :

खेळाचा क्लब कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. कागदोपत्री तो ज्याने भांडवल गुंतवले त्याचा असतो. परंतु तिकीट काढून मैदानावर येणारा, पराभवानंतर जड पावलांनी घरी परतणारा आणि पुढच्या सामन्याला पुन्हा हजर होणारा पाठीराखा त्याला 'आमचा क्लब' असेच म्हणतो. संघ जिंकत असतो तोवर या दोन मालकींमधील अंतर जाणवत नाही. मालकाने खेळाडू विकले, क्लबचे नाव बदलले, क्लब दुसऱ्या शहरात नेला किंवा तो बंदच केला की ते अंतर एकाएकी उघडे पडते. अशा वेळी पाठीराख्याने दाद कोणाकडे मागावी आणि निषेध कोणत्या मार्गाने करावा, हा क्रीडा इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

२००७ ते २०१९ या काळात पुणे शहरात राष्ट्रीय पातळीवरील चार फुटबॉल क्लब खेळले आणि चारही त्या पातळीवरून नाहीसे झाले. त्याच पुणे जिल्ह्यात, शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवरील बारामती आणि इंदापूर तालुक्यांत, सामान्य माणूस मोठ्या संस्थेचा मालक असतो म्हणजे नेमके काय, याचा अनुभव सहकारी साखर कारखान्यांच्या रूपाने अनेक दशके घेतला जात आहे. या दोन अनुभवांची तुलना करून निषेध कोठे परिणामकारक ठरतो व का, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

वैचारिक चौकट :

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संस्थेच्या ढासळत्या कारभाराला माणसे कसा प्रतिसाद देतात, याची मांडणी केली. असमाधानी माणूस एक तर संस्था सोडून जातो किंवा आत राहून आवाज उठवतो. निष्ठा ही त्याला सोडून जाण्यापासून रोखणारी शक्ती होय. साबण आवडला नाही तर ग्राहक दुसरा साबण घेतो. फुटबॉलच्या पाठीराख्याला मात्र असा पर्याय मनाने मान्य होत नाही. त्याची निष्ठाच त्याला बांधून ठेवते आणि मालकाला हे पक्के ठाऊक असते. त्यामुळे पाठीराख्याच्या हाती आवाज एवढेच साधन उरते. तो आवाज ऐकणे मालकाला बंधनकारक आहे की नाही, यावर पुढचे सर्व अवलंबून असते.

महाराष्ट्रातील क्लबांच्या मालकीची दोन रूपे :

महाराष्ट्रात फुटबॉलच्या मालकीच्या दोन परंपरा ठळकपणे दिसतात. पहिली कोल्हापूरची. तेथील संघ हे पेठांमधील तालमींचे आणि तरुण मंडळांचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ ही नावेच मालकी सांगतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असतो तेव्हा खेळाडू, कार्यकर्ता आणि प्रेक्षक एकाच गल्लीतले असतात. या व्यवस्थेत ईर्ष्या आहे, प्रसंगी हुल्लडबाजीही आहे आणि पैशाची चणचण तर नेहमीचीच. पण तालमीचा संघ कोणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही.

दुसरी परंपरा मुंबईची, म्हणजे उद्योगसमूहांच्या आश्रयाची. १९६२ मध्ये स्थापन झालेला महिंद्रचा संघ पुढे 'महिंद्र युनायटेड' या नावाने ओळखला जाऊ लागला आणि २००५-०६ च्या हंगामात त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, व्यवस्थापनाने तो बंद केला. जवळजवळ अर्धशतकाची वाटचाल एका निर्णयाने संपली. हा निर्णय कोणत्याही सभेपुढे मंजुरीसाठी आला नाही, कारण तशी सभाच अस्तित्वात नव्हती.

पुणे : बारा वर्षे आणि चार क्लब :

पुण्याने स्वीकारलेला मार्ग हा मुंबईच्याच परंपरेचा विस्तार होता. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी हा क्लब स्थापन केला. २००९-१० मध्ये आय-लीगच्या पहिल्याच हंगामात त्याने तिसरा क्रमांक आणि २०१२-१३ मध्ये उपविजेतेपद मिळवले. म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात त्याचे सामने होत. केवळ मोठ्या संघावर न थांबता क्लबने अकादमी उभारून मुले घडवली, ही त्याची विशेष कामगिरी होय.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पुण्याच्या वाट्याला एफसी पुणे सिटी ही फ्रँचायझी आली. पैसा, प्रसिद्धी आणि दूरचित्रवाणीचे लक्ष नव्या स्पर्धेकडे वळले. आय-लीगमधील क्लबांच्या मालकांना आपल्या गुंतवणुकीचे भवितव्य अनिश्चित दिसू लागले. २०१५ मध्ये पुणे एफसीने राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. कल्याणी समूहाचा भारत एफसी हा क्लब तर एकच हंगाम खेळून त्याच वर्षी थांबला. १९८७ पासून चालत आलेल्या शिवाजियन्स या स्थानिक क्लबने बांधकाम व्यवसायातील समूहाशी जोडले जाऊन 'डीएसके शिवाजियन्स' या नावाने आय-लीगमध्ये प्रवेश केला. परंतु २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम खेळून तोही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. शेवटी उरला एफसी पुणे सिटी. २०१७-१८ मध्ये त्याने उपांत्य फेरी गाठली. मात्र २०१९ मध्ये पाच हंगामांनंतर तो विसर्जित झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्या हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपद पटकावले आणि २०२५ मध्ये तो क्लबही दिल्लीला हलवण्यात आला.

चारही क्लबांच्या अंताची कारणे वेगवेगळी आहेत. कोठे स्पर्धेची रचना बदलली, कोठे मालकसमूहाची आर्थिक स्थिती. अंताची पद्धत मात्र एकच आहे. निर्णय मालकाच्या कार्यालयात झाला आणि पाठीराख्यांना तो बातमीतून कळला. त्यांच्या जवळ गणवेशाच्या रंगाचे सदरे होते, वर्षानुवर्षांच्या आठवणी होत्या. परंतु भाग नव्हता, मत नव्हते आणि हिशेब मागण्याचा अधिकारही नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ते ग्राहक होते. दुकान बंद झाल्यावर ग्राहकाने निषेध नोंदवायचा तो कोणाच्या दारात, हा प्रश्न पुण्यात अनुत्तरित राहिला.

बारामती-इंदापूर : सभासदाचा अधिकार :

याच जिल्ह्याच्या पूर्व भागात चित्र वेगळे आहे. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली. तिचा विस्तार नीरेच्या कालव्यांवर भिजणाऱ्या उसाच्या पट्ट्यातही झाला. बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा श्री छत्रपती, कर्मयोगी शंकररावजी पाटील आणि नीरा-भीमा हे सहकारी कारखाने उभे राहिले. येथील ऊस उत्पादक हा माल पुरवणारा आहेच. शिवाय तो भागधारक सभासद, म्हणजेच मालक आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने या मालकीला नेमका आकार दिला. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभा बोलावणे व तिच्यापुढे हिशेब मांडणे संचालकांना बंधनकारक आहे. एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. कारभाराविषयी तक्रार असेल तर निबंधकांकडून चौकशीची तरतूद आहे. सर्वसाधारण सभेत अहवालाचे वाचन चालू असता एखादा सभासद ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून उसाच्या दराचा, कर्जाचा किंवा मळीच्या विक्रीचा जाब विचारतो, 'मंजूर, मंजूर' आणि 'नामंजूर' अशा आरोळ्या उठतात, प्रसंगी सभा गुंडाळली जाते. हा गोंधळ बाहेरच्या माणसाला असभ्य वाटेल. परंतु जाब विचारणाऱ्याला तेथे उभे राहण्याचा कायदेशीर हक्क आहे, ही बाब त्या गोंधळाहून मोठी आहे.

या हक्काचा परिणाम प्रत्यक्ष दिसला आहे. माळेगाव कारखान्याच्या २०१५ च्या निवडणुकीत सभासदांनी सत्तारूढ गटाला पायउतार केले आणि २०२० मध्ये पुन्हा सत्तांतर घडवले. ज्या वर्षी पुण्यात दोन फुटबॉल क्लबांचे पाठीराखे आपल्या संघांचा अंत हताशपणे पाहत होते, त्याच वर्षी त्याच जिल्ह्यातील ऊस उत्पादक मतपेटीतून आपल्या संस्थेचे व्यवस्थापन बदलत होते.

मतपेटीबाहेरचा निषेधही या भागाला परिचित आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये ऊसदराच्या मागणीसाठी राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली पंढरपूरहून बारामतीपर्यंत पदयात्रा निघाली आणि बारामतीत उपोषण झाले. पुढच्या वर्षी इंदापूर परिसरात आंदोलन पेटले आणि शेट्टी यांना तेथे अटक झाली. पदयात्रा, उपोषण, धरणे, रास्ता रोको आणि तोडी बंद ठेवून कारखान्याची चाके थांबवणे, असा हा निषेधाचा भाता आहे. यातील शेवटचे अस्त्र सर्वांत प्रभावी, कारण उसाशिवाय कारखाना चालत नाही. मात्र ते दुधारी आहे. वाळलेल्या उसाचे वजन घटते आणि तोटा निषेध करणाऱ्याच्याच पदरी येतो. सामन्यावर बहिष्कार टाकणाऱ्या पाठीराख्याची स्थितीही अशीच असते. त्याने पाठ फिरवल्याने मालकाचे नुकसान होते, पण ज्याच्यावर त्याचे प्रेम आहे तो संघही ओस स्टेडियममध्ये खेळतो.

सहकाराचे हे चित्र निर्दोष मानणे चुकीचे ठरेल. पॅनेलचे राजकारण, रखडलेल्या निवडणुका, सभासदत्व देण्या-नाकारण्यातील पक्षपात आणि कर्जाचा डोंगर हे दोष सर्वश्रुत आहेत. याच परिसरात खासगी कारखानेही उभे राहिले असून तेथे शेतकरी केवळ पुरवठादार असतो. मताचा अधिकार चांगल्या कारभाराची हमी देत नाही. तो वाईट कारभार बदलण्याची संधी तेवढी देतो.

इतरत्रचे अनुभव :

देशातील व जगातील उदाहरणे याच निष्कर्षाकडे नेतात. कोलकात्याचा १८८९ मध्ये स्थापन झालेला मोहन बागान २०२० मध्ये एटीके या फ्रँचायझीशी जोडला गेला आणि नव्या संघाच्या नावात 'एटीके' ही अक्षरे आली. कंपनीत मूळ क्लबचा वाटा २० टक्के होता. 'एटीके हटवा' ही पाठीराख्यांची मागणी जवळजवळ तीन वर्षे फलकांतून, मोर्चांतून आणि बहिष्कारातून चालू राहिली. मार्च २०२३ मध्ये विजेतेपद मिळाल्यावर मालकांनी ती अक्षरे काढण्याची घोषणा केली. भागभांडवल हाती नसतानाही मोठी संख्या, जुनी निष्ठा आणि सातत्य यांच्या बळावर येथे यश मिळाले. बारा वर्षांच्या पुण्याजवळ हे बळ साठलेले नव्हते. उलट ईस्ट बंगालच्या बाबतीत जुलै २०२१ मध्ये गुंतवणूकदाराबरोबरच्या करारावरून पाठीराख्यांचेच दोन तट पडले आणि क्लबसमोर पोलिसांच्या लाठ्या खाव्या लागल्या. निषेधाचे लक्ष्य कोण, याविषयी एकमत नसेल तर निषेधाची शक्ती आपसातच खर्ची पडते, हे त्यातून दिसते.

जर्मनीत १९९८ पासून व्यावसायिक क्लबच्या कंपनीत निम्म्याहून अधिक मताधिकार मूळ सदस्य-संस्थेकडे ठेवण्याचा नियम आहे. २०२३-२४ मध्ये लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणण्याचा घाट घातला गेला तेव्हा प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने वारंवार थांबवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत सोडण्यात आला. बार्सिलोनात सदस्यांनी अविश्वास ठरावासाठी आवश्यक सह्या गोळा केल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिला. माळेगावच्या सभासदाला ही गोष्ट मुळीच परकी वाटणार नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्सला नेण्यास परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःच्या मालकीचा क्लब तळाच्या पायरीपासून सुरू केला. २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये प्लाव लेन या आपल्या जुन्या परिसरात परतला.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. निषेधाचे यश संतापाच्या तीव्रतेपेक्षा त्यामागील हक्कावर अधिक अवलंबून असते. जेथे निषेध करणारा सभासद असतो, तेथे घोषणा ठरावात आणि ठराव सत्तांतरात रूपांतरित होऊ शकतो. जेथे तो केवळ ग्राहक असतो, तेथे त्याला संख्या, एकमत आणि चिकाटी यांच्या जोरावर मालकाची मर्जी वळवावी लागते. आणि मालकच निघून गेला तर निषेधाला पत्ताच उरत नाही.

म्हणूनच मालकी बिघडल्यानंतर निषेध कसा करावा, या प्रश्नाइतकाच क्लब स्थापन होताना पाठीराख्याला कोणते स्थान दिले जाते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नाव, रंग, मैदान आणि शहर यांत बदल करण्यापूर्वी नोंदणीकृत पाठीराख्यांची संमती घेणे, वार्षिक हिशेब त्यांच्यापुढे मांडणे आणि संचालक मंडळात त्यांचा निवडून आलेला प्रतिनिधी घेणे, या तीन गोष्टी महाराष्ट्राला नवख्या नाहीत. साखरेच्या क्षेत्रात या तत्त्वांचा अंगीकार येथील शेतकऱ्याने सत्तर वर्षांपूर्वी केला. ज्या जिल्ह्यातील शेतकरी एका भागाच्या बळावर कारखान्याच्या अध्यक्षाला जाब विचारतो, त्याच जिल्ह्यातील फुटबॉलप्रेमीला चार क्लब गमावताना एकदाही मत विचारले गेले नाही. पुण्यात पुन्हा असा क्लब उभा राहील तेव्हा त्याच्या घटनेत पाठीराख्यासाठी एक मत राखून ठेवणे, हाच या इतिहासाचा बोध होय.