मोटारीच्या आत कोण बसणार?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याची एखादी मोटार हमखास असते. बाटलीच्या बुचांची चाके, रिकाम्या रिफिलीचा आस, पुढे चमकीचे दोन दिवे आणि खिडक्यांच्या जागी काळा घोटीव कागद. अशा मोटारीपुढे उभे राहिलो की आम्ही ती करणाऱ्याला एक प्रश्न विचारतो : "आत काय आहे?" उत्तर बहुधा ठरलेले असते : "आत काहीच नाही."

या 'काहीच नाही'ला इतिहास आहे. मोटारींची हुबेहूब मॉडेल करणाऱ्या कारखान्यांनाही हा प्रश्न अनेक वर्षे चुकवावा लागला. त्याचे उत्तर दिले ते मुख्यतः घरी टेबलावर बसून विकतचे मॉडेल कापणाऱ्या, तासणाऱ्या हौशी मंडळींनी. त्यांनी ते कसे दिले आणि त्यातून वर्गात काय नेता येईल, ते या लेखात पाहू.

आधी बग्गी, मग मोटार

१९३० मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या 'फिशर बॉडी' या विभागाने किशोरवयीन मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. तिचे नाव 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड'. पहिली काही वर्षे करायचे होते ते मोटारीचे नव्हे, घोडागाडीचे मॉडेल. नेपोलियनच्या काळातली राजेशाही बग्गी हे त्या विभागाचे बोधचिन्ह होते आणि मुलांनी तीच घडवायची होती. हाती मिळे तो फक्त आराखडा. लाकूड कोरणे, धातू वाकवणे, रंगवणे सारे स्वतः करायचे. दारे उघडायची आणि आत गाद्याही शिवून बसवायच्या. उत्तम काम करणाऱ्यांना विद्यापीठाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे.

१९३७ पासून स्पर्धेत मोटारीचे मॉडेलही आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बग्गी मागे पडली. आता मुलाने स्वतःच्या कल्पनेची मोटार घडवायची होती. कस लागे तो बाहेरच्या आकाराचा. त्यामुळे बंद टपाची बहुतेक मॉडेल भरीव ठोकळ्यातून कोरली जात आणि काचांच्या जागी रंग येई. म्हणजे बग्गीला 'आत' होते. मोटारीचे 'आत' मात्र लाकडाने भरून गेले. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. १९४७ चा विजेता चार्ल्स जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या आरेखन विभागाचा प्रमुख झाला, यावरून तिचे वजन लक्षात येते. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवू : ही स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

एका खोक्यात तीन मोटारी

मिशिगन राज्यातली ए.एम.टी. ही कंपनी १९४८ मध्ये स्थापन झाली. मोटार विक्रेत्यांच्या दुकानांत ठेवायला नव्या गाड्यांची लहान मॉडेल ती पुरवत असे. १९५८ मध्ये तिने सुट्या भागांचे संच बाजारात आणले. प्रमाण होते १:२५, म्हणजे खऱ्या मोटारीचे २५ सेंटिमीटर मॉडेलमध्ये १ सेंटिमीटर. या हिशेबाने ५ मीटर लांबीची गाडी २० सेंटिमीटरची होते.

या संचांचे वैशिष्ट्य असे की एकाच खोक्यातल्या भागांतून तीन प्रकारे मोटार जोडता येई : कारखान्यातून येते तशी, शर्यतीची, किंवा आपल्या मर्जीने सजवलेली. कारखान्याने दिलेली मोटार ही अनेक शक्यतांपैकी फक्त एक आहे, हा विचार खोक्यातच होता. तो आकाशातून पडलेला नव्हता. कॅलिफोर्नियात त्या काळी जॉर्ज बॅरिससारखे कारागीर खऱ्या मोटारी कापून नव्याने घडवत होते. आतल्या गाद्यांना समांतर पन्हळी शिवणीचे फुगीर पट्टे घातले जात. पुढे बॅरिसच्या प्रसिद्ध गाड्यांचेही संच निघाले.

पण सुरुवातीच्या बंद टपाच्या संचांत आतली बाजू जवळजवळ नव्हतीच. खिडकीतून पाहिले तर पोकळी दिसे. पुढच्या काही वर्षांत आत भाग आले, तेही बहुधा एका अखंड तबकाच्या रूपात. तळ, चारी भिंती आणि सीटा सगळे एकात एक ओतलेले.

साच्याची अडचण

हे तबक असे का, याचे उत्तर साच्यात आहे. पॉलिस्टायरिन हे प्लॅस्टिक तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरतात. थंड झाल्यावर साच्याची दोन अर्धुके सरळ रेषेत एकमेकांपासून दूर होतात आणि वस्तू बाहेर पडते. वाटीतून मूद काढतो तसेच. वाटी वर निमुळती असेल तर मूद निघणार नाही. म्हणून तबकाच्या भिंती किंचित तिरप्या ठेवाव्या लागतात. सीटखाली मोकळी जागा ठेवता येत नाही, म्हणून सीट जमिनीतून उगवल्यासारखी दिसते. दाराचे हँडल भिंतीपासून सुटे उभे राहत नाही, नुसता उंचवटा उरतो.

दुसरी अडचण जाडीची. स्टिअरिंगच्या चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर धरला तर १:२५ प्रमाणात तो १६ मिलिमीटर होईल. ते जमते. पण त्याची कड फार बारीक केली तर प्लॅस्टिक साच्यात नीट भरत नाही आणि भाग काढताना मोडतो. ती १ मिलिमीटर ठेवली, तर खऱ्या मापात ती २५ मिलिमीटर झाली. म्हणजे चालक स्टिअरिंग नव्हे, जाड काठी धरून बसला आहे!

तिसरी अडचण साच्याची नव्हती, विजेची होती. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याचा आकार ठरला तो आत दोन बॅटऱ्या मावाव्यात म्हणून. नंतर मोजले तर प्रमाण साधारण १:३५ भरले. हे प्रमाण पुढे जगभरच्या लष्करी मॉडेलमध्ये रूढ झाले! मोटर बसवलेल्या मोटारींतही हीच गोष्ट. जागा बॅटरीची, मग चालकाला उथळ सीट.

याच कंपनीने १९७६ मध्ये १:१२ प्रमाणातली पोर्श काढली. त्यासाठी कंपनीने खरी पोर्श ९११ विकत घेऊन तिचा भाग न् भाग सुटा करून अभ्यासला. सगळे पुन्हा जोडायला मात्र पोर्शच्या तंत्रज्ञांची मदत घ्यावी लागली. आतून समजून घेण्याचा खर्च किती असतो, याचे हे चांगले उदाहरण.

टेबलावरची दुरुस्ती

कारखान्याने जेथे हात टेकले, तेथून हौशी माणसाचे काम सुरू झाले. बारीक करवतीने तबकातून सीटा कापून सुट्या करायच्या. खाली प्लॅस्टिकच्या पट्टीचे रूळ चिकटवायचे. स्टिअरिंगची जाड कड काढून बारीक तारेचे कडे बसवायचे. पन्हळी गादीसाठी अर्धगोल पट्ट्या शेजारी शेजारी लावायच्या. पॉलिस्टायरिनचा द्रव या कामात फार उपयोगी पडतो. तो साध्या गोंदासारखा दोन पृष्ठभागांमध्ये बसून राहत नाही. दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळवतो, त्यांच्यातले लांब रेणू एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. (त्याची वाफ घातक असते. मुलांच्या हाती तो उघड्या खिडकीशी आणि मोठ्यांच्या देखतच द्यावा.)

या कामात एक फसगत नेहमी होते. सीटवर खरे कापड लावले की ती खरी दिसेल असे वाटते. लावून पाहिले की सीट गोणपाटाने मढवल्यासारखी दिसते. कारण गणिताचे आहे. शर्टाच्या कापडातला धागा ०.२ मिलिमीटर जाड धरला, तर त्याचे २५ पट म्हणजे ५ मिलिमीटर. सुतळीने विणलेली सीटच ती! म्हणून अनुभवी माणसे कापड टाळतात आणि झळाळी नसलेल्या रंगाने कापडाचा भास करतात. गालिच्यासाठी ओल्या रंगावर तंतूंची बारीक पूड भुरभुरवतात. खऱ्या गालिच्याची लव १० मिलिमीटर असेल, तर येथे ०.४ मिलिमीटर हवी. वस्तू लहान करता येते. कापडाचा धागा आपल्यासाठी लहान होत नाही.

माप कोणाचे?

आता मघाच्या नोंदीकडे वळू. मोटारीचे बाह्यरूप मोटारीच्या मापाने घडते. आतली बाजू माणसाच्या मापाने घडते. सीटची उंची, पेडलचे अंतर, स्टिअरिंगपर्यंतचा हात, सगळ्याला एक शरीर गृहीत धरावे लागते. ते कोणाचे?

मुलग्यांसाठी ए.एम.टी.चे संच निघाले त्याच १९५८ मध्ये जनरल मोटर्समध्ये स्त्री-आरेखकांनी सजवलेल्या मोटारींचे प्रदर्शन भरले. विभागप्रमुख हार्ली अर्ल यांनी या स्त्रियांना नेमले होते. पण मोटारींवर त्यांना काम मिळे ते मुख्यतः आतल्या बाजूचे. बाहेरचा आकार पुरुषांचा, गाद्या आणि रंग बायकांचे, अशी वाटणी होती. रूथ ग्लेनी यांच्या कॉर्वेटमध्ये चार ऋतूंसाठी सीटकव्हरचे चार संच होते आणि आत ओढले जाणारे सीटबेल्टही होते. अमेरिकेत सीटबेल्ट सक्तीचे होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. 'सजावट' म्हणून सोपवलेल्या जागेत सुरक्षिततेचा विचार झाला होता. अर्ल निवृत्त झाल्यावर त्यांचे उत्तराधिकारी बिल मिचेल यांना स्त्री-आरेखकांबद्दल उत्साह नव्हता. बहुतेक जणी बाहेर पडल्या. सुझान व्हॅन्डरबिल्ट मात्र १९७७ पर्यंत टिकून राहिल्या.

पुढे अपघाताच्या चाचण्यांसाठी सर्वांत जास्त वापरला गेलेला पुतळा 'हायब्रिड थ्री'. तोही जनरल मोटर्सचाच, १९७६ चा. त्याचे शरीर सरासरी अमेरिकन पुरुषाचे : उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७८ किलो. लहान चणीच्या स्त्रीच्या मापाचा पुतळा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. मधल्या काळात पुढच्या सीटवर बसणारी ठेंगणी बाई या गणितात जवळजवळ नव्हतीच. तिच्यापुरते उत्तर तेच होते : आत काहीच नाही.

वर्गात करून पाहू

या प्रयोगाला परदेशी संच लागत नाही. पुठ्ठा, काडेपेट्या, मोजपट्टी आणि कात्री पुरे. शाळेजवळ उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीची किंवा रिक्षाची आतली मापे मालकाच्या परवानगीने मुलांनी घ्यावीत : सीटची उंची, खोली, पाठ, पेडलपर्यंतचे अंतर. प्रत्येक मापाला २५ ने भागून पुठ्ठ्याची आतली बाजू तयार करावी. मग जाड कागदाच्या दोन आकृती कापाव्यात, एक १७५ सेंटिमीटरच्या माणसाची आणि दुसरी १५० सेंटिमीटरच्या बाईची. १:२५ प्रमाणात पहिली ७० मिलिमीटर भरेल आणि दुसरी ६० मिलिमीटर. कंबर आणि गुडघा टाचणीने जोडून दोघांना आळीपाळीने सीटवर बसवावे.

फरक फक्त १० मिलिमीटरचा आहे. पण एकीचे पाय पेडलला पोचतात आणि दुसरीला सीटच्या कडेवर सरकून स्टिअरिंगजवळ जावे लागते. मग मुलांना विचारावे, सीट कापून कोठे सरकवाल? उंच कराल की पुढे घ्याल? पुढे घेतली तर छाती आणि स्टिअरिंग यांत किती अंतर राहील? ज्या मुलीने हे एकदा हाताने करून पाहिले, तिला गुणोत्तराचे उदाहरण वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. आणि प्रदर्शनात कोणी विचारलेच, तर आत कोण बसले आहे हे ती मापासकट सांगेल.